सांध्याखालचा खुंट

मी एक जुना खुंट आहे. मित्रांनो, खुंट म्हणजे काय हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. कलमाच्या झाडाकडे बघताना सगळे फुलांकडेच बघतात. ती फुलं ज्याच्या मुळांवर जगतात, तो मातीत अर्धा गाडलेला काळपट, खडबडीत बुंधा म्हणजे मी. माझं मुंडकं फार पूर्वी उडवलं आणि त्या जागी दुसरीचं बसवलं. ते कसं झालं, त्यापायी किती डोकी फुटली आणि आज मी तुमच्याशी का बोलतोय, ते सगळं सांगतो. मी काही सभ्य झाड नाही. ज्यांना गोड गोड ऐकायची सवय आहे त्यांनी पलीकडच्या वाफ्यातल्या गुलाबाकडे जावं.

माझा जन्म घाणेरीच्या कुळातला. घाणेरी तुम्ही पाहिली असणार. लाल, पिवळ्या, केशरी फुलांचे इवले गुच्छ, खरखरीत पानं, अंगावर काटे आणि पान चुरगळलं की थेट नाकात जाणारा वास. आमचे पूर्वज लांबच्या देशातून बागेची शोभा म्हणून आणले गेले, आणि बागेत काही राहिले नाहीत. पाखरं आमची काळी फळं खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. बी पडेल तिथे आम्ही उगवतो. गवताच्या वाट्याचं ऊन खातो, पाणी पितो, आणि आमच्या बुडाशी दुसरं रोप धड वाढू देत नाही. आम्ही याला वाढणं म्हणतो. तुम्ही याला आक्रमण म्हणता. म्हणा बापडे.

गाव संपून कुरण सुरू होतं अशा वळणावर एक नर्सरी होती. पुढे लोखंडी फाटक, आत पत्र्याची शेड, शेडखाली माती कालवायचं लांबलचक लाकडी टेबल, मागे वाफे, आणि शेडला लागूनच दोन खोल्यांचं घर. नर्सरी बहीण-भाऊ चालवायचे. त्यांच्या वडिलांनी कुरणाच्या बाजूने घाणेरीचं कुंपण लावलं होतं. काट्यांमुळे जनावर आत येणार नाही आणि फुलांमुळे गिऱ्हाईक आत येईल, असा त्यांचा साधा विचार होता. ते कुंपण म्हणजे माझी आई, मावश्या आणि सगळा गोतावळा. वडील गेले आणि कुंपण मुलांच्या गळ्यात पडलं.

थोरलीला सगळे ताई म्हणायचे. तिचा आवाज मोठा नव्हता, पण हात मोठे होते, आणि हातमोजे म्हणून तिने कधी घातले नाहीत. धाकट्याला मी टापटीपराव म्हणायचो, अर्थात मनातल्या मनात. कुंड्या तो दोरी लावून रांगेत ठेवायचा. चिखलात राबतानाही त्याच्या शर्टाची इस्त्री मोडायची नाही. कमरेला चामड्याच्या म्यानात छाटणीची कात्री असायची आणि प्रत्येक कापानंतर तो तिचं पातं रुमालाने पुसायचा. माणूस वाईट नव्हता. पण ओबडधोबड काही दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि दिवसातून एकदा भांडल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

एका कोरड्या वर्षी सगळं उलटंपालटं झालं. तोपर्यंत आमच्या कुळाने निम्मं कुरण गिळलं होतं. त्या कुरणावर एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा कळप चरायचा. गवत उरलं नाही, तेव्हा भुकेल्या मेंढ्यांनी आमच्या पाल्याला तोंड लावलं. आमचा पाला विषारी असतो मित्रांनो, आणि ते विष फार दुष्ट आहे. मेंढ्यांचे डोळे पिवळे पडले. उन्हात कानांची आणि नाकाची कातडी सोलून निघाली. सावली मिळावी म्हणून त्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसत होत्या आणि तशाच कोसळत होत्या. मी तेव्हा कुंपणाच्या बुडाशी उगवलेलं कोवळं रोप होतो. मी ते सगळं पाहिलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मेंढपाळाला वाटलं. मेलेल्या मेंढीला मागच्या पायाला धरून ओढत तो फाटकातून आत आला आणि ती त्याने टेबलावर, ताईने नुकत्याच चाळलेल्या मातीत टाकली. मग खांद्यावरची कुऱ्हाड उतरवून तो कुंपणाकडे वळला. टापटीपराव फावडं घेऊन आडवा आला. मेंढपाळाने कुऱ्हाड नाही चालवली, मूठ चालवली. टापटीपरावाचा ओठ फुटला आणि इस्त्रीच्या शर्टावर रक्ताचा ओघळ आला. आपलं तोंड फुटलंय यापेक्षा शर्ट खराब झालाय याचाच त्याला जास्त धक्का बसलेला दिसत होता.

ताई मध्ये येऊन उभी राहिली.

"काका, कुऱ्हाड खाली ठेवा."

"तुझ्या बापानं लावलंय हे. माझा निम्मा कळप गेला, बाई. आता कुणाला मारू ते तूच सांग."

ताईने टेबलावरच्या मेंढीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुंपण मी काढते. मुळासकट. त्या जागी बिनबियांची घाणेरी लावते. तिला फळ धरत नाही, बी पडत नाही, तुमच्या कुरणात तिचं एक रोप जायचं नाही. पाल्याला मेंढरं तोंड लावू नयेत म्हणून बाहेरून तार मारून देते."

"तिचं तरी काय अडलंय? दगड रच."

"लोकांना हीच फुलं हवी असतात, काका. बिनबियांची माझ्याकडे दिसली नाही, तर बियांची दुसरीकडून नेतील आणि तुमच्या कुरणाच्या चारी बाजूंनी लावतील."

म्हाताऱ्याने कुऱ्हाडीचा दांडा हातात फिरवला. "आणि धरलं फळ तर?"

"एक जरी फळ दिसलं, तरी याच कुऱ्हाडीनं सगळी नर्सरी सपाट करा. मी आडवी येणार नाही."

"ताई, अगं काय बोलतेस तू," टापटीपराव ओठ दाबून म्हणाला. पण शब्द गेला तो गेला. त्या दिवसापासून तिचं घर, तिचं काम आणि तिची पत, सगळं एका वाटाण्याएवढ्या फळावर येऊन बसलं.

तिने कुंपण उपटलं. कुदळीचे घाव मातीखाली, मुळाच्या मानेखाली बसत होते, कारण तिथे तोडल्याशिवाय आम्ही मरत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. माझ्या आईला ढिगावर उलटी टाकली, मुळं आभाळाकडे करून, आणि सुकल्यावर पेटवली. सुक्या फांद्या फटाफट फुटत होत्या. मला मात्र तिने पिशवीत लावून बाजूला ठेवलं. मला वाटलं, दया आली असेल. कसली दया? तिला गडी हवा होता.

त्याचं असं होतं. बिनबियांची ती बाई दिसायला देखणी, पण पायांनी लुळी. तिच्या स्वतःच्या मुळांना दम नव्हता. एका पावसात कुजायची. तिला उभं करायला आमच्यासारखी दांडगी मुळं लागत होती. म्हणून ताईने माझ्यासारखी रोपं रांगेने वाढवली आणि अंगठ्याएवढी जाड झाल्यावर टेबलावर आणली. मला आडवं दाबून धरलं. एका घावात माझं मुंडकं बादलीत पडलं. मग उरलेल्या बुंध्यात मधोमध पातं घालून तो चिरला, त्या चिरेत तिची काडी पाचरीसारखी ठोकली आणि वरून पट्टी करकचून आवळली. तुमची मान कापून तिच्यात दुसऱ्या कुणाचं डोकं खोचलं तर कसं वाटेल, त्याचा विचार करा. मला तसंच वाटलं.

मी तिला उपाशी मारायचं ठरवलं. पण मुळांना रस अडवून ठेवता येत नाही. जे खालून मिळतं ते वर जातंच. माझाच रस पिऊन तिने डोळे उघडले, पानं काढली आणि कुंपणात लावल्यावर पहिल्याच मोसमात अशी फुलली की रस्त्याने जाणारी माणसं थांबू लागली. फुलं गळायची, आणि त्यांच्या जागी काहीच धरायचं नाही. लोक म्हणायचे, काय सुंदर आहे. कुणी खाली वाकून पाहिलं नाही.

मग मी सांध्याच्या, म्हणजे कलम जोडलं त्या जागेच्या, खालून फुटायला लागलो. माझी स्वतःची फूट, काट्यांची, तिला मागे टाकून सरळ वर जाणारी. तिच्यापेक्षा माझा जोर केव्हाही जास्त. पण ताई दर आठवड्याला उकिडवी बसून माझा बुंधा चाचपायची. फूट सापडली की तिच्या बुडाशी अंगठा रोवायची आणि हिसका देऊन खाली ओढायची. फूट टाचेसकट, म्हणजे बुडाच्या गाठीसकट, सालीसकट निघायची. माझा रस गळायचा, माझे काटे तिच्या तळहातात मोडायचे आणि तिचं रक्त गळायचं. फिट्टंफाट.

"कात्री लाव ना," टापटीपराव कळवळून म्हणायचा. "जखम बघ किती घाण दिसतेय."

"कात्री लावायची नाही. कापलं की बुडात फुटीचे डोळे राहतात आणि एकाच्या चार होतात. ओरबाडूनच काढायचं."

"पण दिसतं कसं ते!"

"दिसू दे."

अशी कित्येक वर्षं गेली. बिनबियांच्या घाणेरीला मागणी वाढली. शाळेच्या, दवाखान्याच्या, बागांच्या कडेची जुनी झुडपं उपटून लोक ही लावू लागले. ताई प्रत्येकाला खाली बसवून फूट ओढून दाखवायची आणि हाताला ओरखडा आल्याशिवाय रोप द्यायची नाही. कुरणात ताई आणि मेंढपाळ मिळून आमच्या भाऊबंदांना खणून काढायचे. गवत परत आलं. मेंढपाळ दर मोसमात कुंपणाच्या कडेने चालत यायचा, काठीने पानं बाजूला करून फळ शोधायचा, ते सापडलं नाही की थुंकायचा आणि निघून जायचा. पुढे पुढे थुंकणं बंद झालं. एकदा त्याने लेंडीखताचं पोतं फाटकाशी आणून टाकलं आणि म्हणाला, "घे पोरी, तुझ्या झाडांना." मी सुधारलो असं मात्र समजू नका. मी फुटतच होतो. ती ओरबाडतच होती.

मग वादळ झालं. शेडचा पत्रा उचकटला, तो धरायला ताई धावली आणि पत्र्याची कड तिच्या उजव्या मनगटात खोल घुसली. टेबलावर, मातीवर, कुंड्यांवर रक्तच रक्त झालं. हात वाचला, पण अंगठ्याच्या शिरा तुटल्या. ज्या अंगठ्याने ती मला ओढायची तो आता लोंबत होता. घरातल्या खाटेवरून तिने भावाला दहादा बजावलं, "सांध्याखालचं चुकवू नकोस. दर आठवड्याला." त्याने मान डोलावली. आणि एकही आठवडा चुकवला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

फक्त तो कात्री घेऊन आला. त्याला ती ओरबाडलेली साल बघवत नव्हती. बहिणीचं बोलणं त्याने ऐकलं होतं, पण मनात त्याला वाटायचं की ताईचं सगळं कामच धसमुसळं आणि जरा नीट केलं तर का नाही होणार. त्याने माझी फूट बुंध्याला चिकटून, अगदी गुळगुळीत कापली. पातं पुसलं. पुढच्या आठवड्यात तिथे चार फुटी होत्या. त्याने चारही कापल्या. मग तर इतक्या झाल्या की मी मोजायचंच सोडून दिलं, आणि आतल्या कित्येक त्याच्या नजरेतून सुटल्या. त्याला वाटलं, ताईशिवाय झाड जोमात आलंय. वरून तो कुंपण असं छाटायचा की रेघ मारल्यासारखं दिसावं, आणि त्या सुंदर भिंतीच्या आत मी तिच्या फांद्यांमधून वर चढत होतो. ताईने खिडकीतून पाहिलं. "छान ठेवलंयस रे," म्हणाली. तो लाजला.

मी फुललो. तिच्या फुलांत माझी फुलं ओळखू येत नव्हती. माझी फुलं गळली आणि त्यांच्या जागी हिरवे मणी धरले, आणि मण्यांचे काळे झाले. इतकी वर्षं त्या कुंपणावर खायला म्हणून एक पाखरू उतरलं नव्हतं. आता थवे उतरले. मेंढपाळाने कुरणातून ते थवे पाहिले आणि तो काय समजायचं ते समजला.

फळांची डहाळी त्याने टेबलावर ताईच्या समोर ठेवली. कुऱ्हाड खांद्यावर होती.

"हे काय आहे, बाई?"

ताईने डहाळी डाव्या हाताने उचलली. "माझ्या कुंपणातलं?"

"तुझ्याच."

"शक्यच नाही," टापटीपराव म्हणाला. "मी स्वतः दर आठवड्याला कापतोय."

"काय करतोयस?"

"कापतोय. एकदम स्वच्छ."

ताईने डाव्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली. शेडमध्ये आवाज घुमला. मग ती मेंढपाळाकडे वळली आणि म्हणाली, "चला काका. शब्द दिलाय मी."

त्याने पहिला घाव घातला तो कमरेएवढ्या उंचीवर. मग दुसरा, तिसरा. पडत होती ती बिनबियांची. सांध्याच्या वरचं सगळं भुईवर येत होतं आणि खाली मी शाबूत होतो. ताईच्या ते ध्यानात आलं आणि ती ओरडली, "थांबा, असं नका मारू."

म्हातारा गर्रकन वळला. "आडवी येणार नाही म्हणाली होतीस."

"आडवी नाही येत. खाली मारा, मातीच्या खाली. नुसतं वरचं तोडलंत तर खालचा माजेल."

पण त्याच्या कानात एकच शब्द शिरला होता, थांबा. एकदा फसलेल्या माणसाला दुसरं ऐकू येत नाही. त्याने कुऱ्हाड पुन्हा उगारली. ताईने एका हाताने दांडा धरला, त्याने हिसडा दिला, आणि कुऱ्हाडीच्या पात्यामागचा बोथट तुंबा तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ती खाली पडली. त्याबरोबर टापटीपराव धावत आला आणि त्याने फावडं म्हाताऱ्याच्या हातावर घातलं. बोटं दांड्यावरच चेचली. म्हातारा किंचाळला, पण त्याने टापटीपरावाला सोडलं नाही. दोघं चिखलात लोळले. ज्याला शर्टावरचा एक डाग सोसत नव्हता तो माणूस म्हाताऱ्याच्या खांद्याचा लचका तोडत होता, आणि म्हातारा त्याचं तोंड तारेच्या खांबावर आपटत होता. ताई पडल्या पडल्या दोघांनाही थांबा म्हणत होती. तो शब्द त्या दिवशी कुणाच्याच कामाचा नव्हता. दोघांच्या अंगातलं बळ संपलं तेव्हाच ते थांबले. त्यांचं रक्त माझ्या बुडाशी मुरलं. मुळाला ओल लागते. ती कसली, हे मूळ विचारत नाही.

तिघंही एकाच दवाखान्यात गेले आणि मागे मी एकटा राहिलो. माझ्या मानेवरची ती वाळली. तिचा बोटभर तुकडा चिरेत अडकून होता, तोही एके दिवशी गळून पडला. इतकी वर्षं मी तिचा राग केला, पण ती गेल्यावर मला वाईट वाटलं. तिच्या फुलांनी कधी कुणाचं नुकसान केलं नव्हतं, आणि त्यांना माझाच रस होता. मग पाऊस झाला. ओरबाडायला कुणी नव्हतं. मी शंभर ठिकाणांहून फुटलो, फुललो, फळलो. पाखरांनी माझ्या बिया कुरणभर पेरल्या. पुढच्या कोरड्या दिवसांत पुन्हा मेंढ्यांच्या कानांची कातडी सोलली. या वेळी मी ते पाहिलं आणि मला त्याचं वाटलं.

ताईचं हाड वाकडं जुळलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती डाव्या हाताने रोज मला ओढायला बसते. बरेच दिवस तारेपलीकडे मेंढपाळ नुसता उभा राहायचा, चेचलेला हात छातीशी धरून. एकदा तो तार ओलांडून आत आला, तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "कसं ओढायचं ते दाखव, पोरी." तिने दाखवलं. तो म्हणाला, "हेच सांगत होतीस होय त्या दिवशी?" ती म्हणाली, "हेच." एवढंच बोलणं झालं. आता ती टाचेने माती सारते, तो चांगल्या हाताने ओढतो आणि टापटीपराव कुदळ घेऊन मुळाच्या मानेखाली घाव घालतो. त्याचे पुढचे दोन दात गेलेत आणि शर्ट मातीने माखलेला असतो. कात्री त्याने कुठे टाकली कोण जाणे. शेडमध्ये बिनबियांच्या काड्या पुन्हा लावल्यात, पण या वेळी माझ्यासारख्याच्या पायांवर नाही, तिच्या तिच्या मुळांवर. अर्ध्याअधिक कुजतात. ज्या जगतात त्या गोगलगाईसारख्या वाढतात. ताई म्हणते, लागू दे वेळ.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी झाडं तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला पाणी घाला. मी ते सांगणार नाही. मला फुटणं थांबवता येत नाही. माझा जीवच तसा आहे. पण तुम्हाला मला थांबवता येतं. घरी फुलझाड आणाल तेव्हा ते बिनबियांचं आहे का ते विचारा. कलम असेल तर खाली वाकून सांध्याखाली कोण बसलंय तेही बघा. कापलेलं नीटनेटकं दिसतं म्हणून मला कापू नका, दया आली म्हणून सोडू नका. टाचेसकट ओढा. हात रक्ताळतील, म्हणून हातमोजे घाला, आणि मला तोंडात मात्र घालू नका.

इथे ती तिघं आहेत आणि तिघांत मिळून धड हात चारच. कुरण मोठं आहे. ती दमली आहेत. मी दमलेलो नाही. माझी फळं अजून हिरवी आहेत. ती काळी व्हायच्या आत या.